खिळ्यावरचं हँडल

अजूनही मी एसटीत बसलो, की आधी चपला काढतो. शेजारचे नाक मुरडतात. बायको म्हणते, "देवळात आलात का?"  मी पायाचे तळवे गाडीच्या पत्र्यावर टेकवतो आणि गाडी सुटायची वाट बघतो. मैल-दोन मैलांत कळतं, थरथर पुढून येते आहे की मागून, चाकाची आहे की इंजिनाची. या ज्ञानाचा मला काडीचा उपयोग नाही. मी आयुष्यात कधी गाडी चालवलेली नाही. पण ही खोड मला राजन्ना मिस्त्रींनी लावली. त्यांच्याशी जोडलेल्या माझ्या सगळ्या आठवणींत लाज न वाटता सांगावी अशी ही एवढी एकच आहे.

चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणत. परकोटाबाहेर, जटपुरा गेटापासून थोड्या अंतरावर, आमच्या मोटर कंपनीची पत्र्याची शेड होती. कंपनी म्हणायची एवढंच. मालकांच्या तीन बसगाड्या, तीन ड्रायव्हर, एक मिस्त्री आणि एक बुकिंग बाबू, म्हणजे मी. गाड्या लढाईतून निवृत्त झालेल्या. सैन्याचं सामान वाहून थकलेल्या त्या सांगाड्यांवर सुतारांनी लाकडी खोकी चढवली होती आणि वर निळा रंग फासला होता. चांद्याहून मूल, मूलहून पुढे नदीकाठ, कधी गडचिरोली, असा त्यांचा संसार चाले. मी वर्ध्याकडचा, मॅट्रिक पास, चोवीस वर्षांचा. शेडमध्ये लिहिता-वाचता येणारा मी एकटाच होतो आणि ही गोष्ट मी कोणाला विसरू देत नसे.

राजन्ना मिस्त्री सिरोंच्याचे. घरची बोली तेलुगू, बाहेरची झाडीची मराठी, आणि रागावले की दोन्ही बंद. अंगानं काटकुळे, खाकी हाफपँट, वर बाह्यांचं बनियन, आणि पाय उन्हाळ्या-पावसाळ्यात अनवाणी. वहाणा होत्या, पण त्या शेडच्या दाराशी कायम काढून ठेवलेल्या असत. कोणी विचारलं तर म्हणत, "पायात कातडं घातलं का कान बुजते."

माणसांशी कमी आणि गाड्यांशी जास्त बोलणारे. तेही दोनच शब्द. ब्रेक दाबताना "आगू", म्हणजे थांब. सोडताना "पदा", म्हणजे चल. त्यांच्या तेलुगूतले तेवढेच दोन शब्द आम्हां सगळ्यांना येत. ड्रायव्हर कवडू तर घरी बैलांनाही तसंच म्हणतो, अशी शेडमध्ये थट्टा होती.

हा कवडू मूलकडचा. बैलबंडी हाकता हाकता मोटरीवर आलेला, गोल तोंडाचा, सदा हसणारा. गाडी चालवायला त्याला मिस्त्रींनीच शिकवलं होतं. तो त्यांना मिस्त्रीभाऊ म्हणे आणि त्यांच्यापुढे बिडी ओढत नसे.

मी नोकरीला लागलो त्याच पावसाळ्याच्या अखेरीस दोन नंबरची गाडी थरथरायला लागली. वीस मैलांच्या वेगापर्यंत शहाण्यासारखी चाले. त्यापुढे गेली, की हिवताप भरल्यासारखी हुडहुडायची. ड्रायव्हर म्हणाला, इंजिन गेलं. मालक म्हणाले, इंजिन उतरवून नागपूरला पाठवू. मी ताबडतोब नागपूरच्या कारखान्याला इंग्रजीत पत्र लिहून टाकलं, कारण इंग्रजीत पत्र लिहायची संधी मला क्वचितच मिळे.

मिस्त्री म्हणाले, "पत्र राहू द्या खिशात. आदी मी फिरून येतो."

दुसऱ्या दिवशी ते घरून पितळेची थाळी आणि मूठभर लाखोळीचे दाणे घेऊन आले आणि भरलेल्या गाडीत उतारूंसारखे बसले. मला म्हणाले, "चला बाबू, चपला काढा." मी हसत हसत गेलो. गाडीनं वेग घेतला. मिस्त्रींनी थाळी ड्रायव्हरच्या मागे खाली ठेवली. दाणे जागेवर होते. मध्यावर ठेवली, दाणे थोडे सरकले. अगदी मागच्या बाकाखाली ठेवली आणि दाणे तडतडायला लागले. उतारू वाकून वाकून बघत होते. मागच्या बाकावर एक म्हातारी बोचकं धरून बसली होती. मिस्त्रींनी तिला विचारलं, "बाई, तुमाले कुठून हालल्यासारखं वाटून राह्यलं?"

"आता का सांगू बापा! बुडाखालूनच हालून राह्यलं. अन् हे या अंगानं जास्त." म्हातारीनं उजवीकडे हात केला.

सारी गाडी हसली. मिस्त्री हसले नाहीत. पुढच्या उतारावर त्यांनी ड्रायव्हरला गाडी न्यूट्रलमध्ये टाकायला लावली. इंजिनाचा आवाज बसला, थरथर तशीच राहिली. "इंजिनाचं काई नाई," ते म्हणाले. "इंजिन चूप बसलं तरी हालते, म्हंजे चाक बोलून राह्यलं. इस्टेरिंग हालत नाई, म्हंजे पुढचं नोहे. मागचं उजवं."

गाडी बाजूला घेतली. मिस्त्री मागच्या उजव्या चाकाजवळ पालथे झाले, आत हात घातला, आणि पहारीच्या टोकानं चाकाच्या आतल्या बाजूला चिकटलेला काळ्या मातीचा ढेपसा पाडला. नाल्यातल्या चिखलाचा, उन्हानं वाळून दगड झालेला. चांगला दोन शेर भरला असता. एका अंगाला तेवढं वजन घेऊन चाक फिरत होतं, दुसरं काही नाही. परतीला तीच थाळी, तेच दाणे, तोच बाक; एक दाणा हलला नाही. माझं इंग्रजी पत्र खिशातच राहिलं. मिस्त्रींनी दाणे परत फडक्यात बांधले. घरी त्यांचं वरण व्हायचं होतं.

"ड्रायव्हर खोटं बोलन," ते मला त्या दिवशी म्हणाले, "मालक खोटं बोलन. मागच्या बाकावरची बुढी खोटं बोलत नाई. तिले इचारत जा."

थरथर शोधायला ते असे चटपटीत होते. पण नवे ब्रेक बसवायचे म्हटले, की त्यांच्यासारखा चिवट माणूस नाही. चाकाच्या ड्रमच्या आत जो ब्रेकचा जोड असतो, त्याचं लायनर, म्हणजे ड्रमला घासून चाक अडवणारा पट्टा, झिजलं की नवं लायनर रिबिटांनी ठोकून बसवायचं. हे काम कोणताही मिस्त्री एका दिवसात करून गाडी मोकळी करतो. राजन्ना मिस्त्रींचं खरं काम त्यानंतर सुरू होई. त्यांच्या मते ठोकलेलं लायनर हे नुसतं ठोकलेलं असतं, बसलेलं नसतं. ड्रमशी त्याची ओळख व्हावी लागते. कुठे टेकतं, कुठे टेकत नाही. एक चाक पकडतं आणि दुसरं पकडत नाही. अशा गाडीत माणसं भरली आणि उतारावर जोरात ब्रेक मारला, तर गाडी थांबायच्या ऐवजी एका अंगाला ओढते.

"नवा गोऱ्हा तुमी आदी रिकाम्या बंडीले जुंपता ना?" ते म्हणत. "का एकदम पोते लादता?"

म्हणून रिकामी गाडी घेऊन ते सकाळी मूलच्या रस्त्याला लागत. उजव्या खिशात तीस चिंचोके. वीसच्या वेगाला आणायची, हलक्या पायानं "आगू" म्हणायचं, चालत्या माणसाइतकी हळू झाली, की पूर्ण थांबू न देता "पदा". एक चिंचोका उजव्या खिशातून डाव्या खिशात. मग अर्धा मैल ब्रेकला न शिवता गाडी नुसती पळू द्यायची, गरम झालेले ड्रम निवायला. मग पुन्हा आगू. असे तीस. शेवटी उतरून चारी चाकांशी जायचं आणि हाताचा तळवा नव्हे, मागची बाजू ड्रमजवळ न्यायची. "चारी भाऊ सारखे तापले पायजे," हे त्यांचं वाक्य. एक थंड राहिला तर तो कामचुकार. एक जास्त तापला तर तो दुसऱ्यांचं ओझं ओढून राहिला. दोन्ही वाईट. मग पुन्हा चाक काढायचं, कानस मारायची, आणि पुन्हा तीस चिंचोके. यात अख्खा दिवस जाई.

त्या दिवशी गाडी कोणालाही मिळत नसे. आणि मिळू नये याची त्यांनी व्यवस्था केली होती. गाड्यांना सेल्फ होतं, पण बॅटऱ्या कायमच्या मेलेल्या. पुढून लोखंडी हँडल घालून फिरवलं तरच गाडी सुरू व्हायची. शेडच्या भिंतीत मिस्त्रींनी एक मोठा खिळा ठोकला होता. ज्या गाडीचे ब्रेक बसायचे आहेत, तिचं हँडल त्या खिळ्यावर. गाडी तयार झाली, की मिस्त्री स्वतः ते काढून ड्रायव्हरच्या हातात देत आणि "पदा" म्हणत. खिळ्यावरच्या हँडलला मालकसुद्धा हात लावत नसत. एकदा एक बडा अंमलदार शिकारीला आलेल्या पाहुण्यांसाठी गाडी मागायला स्वतः आला होता. मालक हात जोडून म्हणाले, "साहेब, गाडी उभी आहे, पण हँडल खिळ्यावर आहे." साहेबाला काही कळलं नाही. आम्हां सगळ्यांना मात्र त्या दिवशी आपली कंपनी फार मोठी आहे असं वाटलं.

मग ती शिवरात्र आली.

मार्कंड्याच्या यात्रेला आमच्या तिन्ही गाड्या लागत. चांद्याहून नदीच्या अलीकडच्या काठापर्यंत गाडी, पुढे पाण्यातून माणसं देवाकडे. वर्षातला आमचा सगळ्यात मोठा दिवस, आणि मालकांनी त्या वर्षी सगळी व्यवस्था माझ्याकडे सोपवली होती. आणि तीन नंबरच्या गाडीचे ब्रेक आदल्या दिवशीच नवे झाले होते. मिस्त्रींनी दिवसभर बसून रिबिटा ठोकल्या होत्या. सकाळी देवदर्शन करून येतो, मग रस्त्यावर नेतो, दुपारनंतर गाडी घ्या, असं मला सांगून ते गावातल्या महादेवाला गेले. त्यांचा उपास होता.

शेडसमोर पहाटेपासून माणसं बसलेली. बोचकी, बेलाच्या टोपल्या, कडेवर लेकरं. दोन गाड्या भरून गेल्या, तरी गर्दी हलली असं वाटेना. एक म्हातारी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "बाबू, ते एक गाडी उभीच आहे ना जी? काऊन नाई सोडून राह्यले? माहादेव काई माया घरी येत नाई."

मला तिची दया आली, हे खरं आहे. पण तेवढंच खरं नाही. मालक संध्याकाळी विचारतील तेव्हा "तिन्ही गाड्या पळवल्या" असं सांगायची मला हौस होती. आणि मॅट्रिक पास माणसानं चिंचोके संपायची वाट का बघावी, असं वाटत होतं.

मी उठलो आणि खिळ्यावरून हँडल काढलं.

कवडूच्या हातात दिलं तेव्हा तो मागे सरला. "बाबू, मिस्त्रीभाऊनं देल्लं का?"

"मी देतोय ना?" मी म्हणालो. "हळू ने. चिंचोके रस्त्यात मोज."

कवडू हसला, पण मनापासून नाही. गाडी भरून गेली.

आणि काही झालं नाही. कवडूनं त्या दिवशी तीन खेपा केल्या. म्हातारीला देव भेटला, मालकांनी चारचौघांत माझ्या पाठीवर थाप मारली. मिस्त्री दर्शन करून आले तेव्हा खिळा रिकामा होता.  दिवसभर शेडच्या दारात उभे राहून रस्त्याकडे बघत होते. उपासाचं काही खाल्लंही नाही. दिवेलागणीला तीन नंबर परत आली तसे ते चारी चाकांशी गेले. हाताची मागची बाजू ड्रमजवळ नेली. पुढच्या डाव्या चाकाशी तो झटक्यानं मागे घेतला. जळक्या लायनरचा वास मलाही येत होता.

मी विजयी वीरासारखा म्हणालो, "बघा मिस्त्री, काही झालं नाही."

त्यांनी हात बनियनला पुसला. रागावले नव्हते, रागावले असते तर बोललेच नसते. म्हणाले, "तेच तं वाईट झालं बाबू. काई झालं असतं तं तुमी एकटे शिकले असते. काई नाई झालं, आता सारेच शिकतीन."

मग त्यांनी पकड घेतली, भिंतीतला खिळा उपटला आणि माझ्या टेबलावर आणून ठेवला. भिंतीत भोक राहिलं, बोट जाईल एवढं. खिळा मी पेपरवेटसारखा वापरायला लागलो. त्यात मला तेव्हा गंमत वाटत होती.

त्यांचं म्हणणं महिन्याभरात खरं झालं. ड्रायव्हर म्हणू लागले, "बाबूनं तं यात्रा केली ना नव्या ब्रेकवर? कुठी का झालं?" हँडलं कुठेही पडू लागली, कधी सीटखाली, कधी पिंपाशेजारी. मिस्त्री अजूनही लायनर ठोकल्यावर गाडी मागत. मिळाली तर नेत. पाच-सहा चिंचोके झाले, की कोणीतरी माणूस पाठवून बोलावून घेई. एकदा मी त्यांना अर्धवट खेप सोडून परत येताना पाहिलं. एक खिसा जड, एक हलका. ते खिसा रिकामा न करताच घरी गेले.

वैशाखात तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू झाला. जंगलात पानं तोडायला जाणारी माणसं, बायाबापड्या, त्यांचं शिधा-सामान, अशी गर्दी. एक नंबरच्या गाडीला आदल्या दिवशी नवं लायनर लागलं होतं. मिस्त्री मूलच्या रस्त्याला बंद पडलेली दोन नंबर आणायला गेले होते. कवडू माझ्या टेबलाशी आला. हातात हँडल होतं. ते त्याला शेडमध्ये कुठेतरी सापडलं होतं.

"बाबू, एक नंबर नेऊ का? मिस्त्रीभाऊ तं नाई."

मी काहीतरी लिहीत होतो. डोकं वर न करता म्हणालो, "ने की."

एवढंच. दोन शब्द. मिस्त्रींचेही दोनच शब्द होते.

मूलच्या अलीकडे जंगलातल्या एका नाल्यावर उतार आहे. समोरून बंडी आली म्हणून कवडूनं ब्रेक मारला. उजव्या चाकानं पकडलं, डाव्यानं पकडलं नाही. गाडी उजवीकडे ओढली आणि रस्त्याकडेच्या मोहाच्या झाडावर गेली. आतल्या माणसांना खरचटलं, दोघांचे हात मोडले. ड्रायव्हरची बाजू उजवी. पत्रा आणि झाड यांच्यामध्ये कवडूचा पाय सापडला. चांद्याच्या दवाखान्यात तो गुडघ्याखाली कापावा लागला.

तिसऱ्या दिवशी मालक शेडमध्ये आले. आम्ही सगळे उभे होतो. कवडू दवाखान्यात ग्लानीत होता, तो काही सांगण्याच्या स्थितीत नव्हता. मालक मिस्त्रींना म्हणाले, "ब्रेक तुम्ही बसवले?"

"ठोकले मी. बसवले नव्हते."

"मग गाडी गेली कशी?"

"मी नाई देल्ली. हँडल मायाजवळ नव्हतं."

"मग कोणाजवळ होतं? कोणी दिली गाडी?"

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. बोट दाखवलं नाही, डोळेही वटारले नाहीत. नुसतं पाहिलं आणि थांबले. एखादी गाडी वेग घेऊन येते आणि आपण तिच्या आवाजाकडे कान लावतो, तसे थांबले. मला बोलायचं होतं. शपथेवर सांगतो, वाक्य तोंडात तयार होतं. पण माझं लग्न ठरलेलं होतं, नोकरी एवढी एकच होती, आणि मी चोवीस वर्षांचा भित्रा माणूस होतो. मी भिंतीतल्या भोकाकडे बघत राहिलो. टेबलावर कागदांवर तो खिळा पडला होता.

मिस्त्री वाट बघून थकले असावेत. त्यांनी मान खाली घातली. मालक म्हणाले, "उद्यापासून येऊ नका." मिस्त्रींनी हत्यारांची पिशवी उचलली, दाराशी वहाणा होत्या त्या पायात घातल्या आणि गेले. मिस्त्रींना वहाणा घालून चालताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्यांना त्या टोचत असाव्यात.

पुढे कवडूनं बसच्या अड्ड्यावर पानाचं दुकान टाकलं. मी रोज जाई. एकदा धीर करून त्याला म्हणालो, "कवडू, तू तरी मालकांना का नाही सांगितलंस?"

त्यानं पानाला चुना लावता लावता सांगितलं, "म्या म्हटलं होतं जी. मिस्त्रीभाऊ दवाखान्यात आले होते. म्हटलं, मी सांगतो मालकाले, बाबूनंच ने म्हटलं. तं मले म्हणाले, नोको. बाबू सोताच सांगतीन. जरा थंडं होऊ दे त्याईले."

पान माझ्या हातात होतं. खाल्लं की टाकलं ते आठवत नाही. मी त्या दिवशी तरी मालकांकडे जायला हवं होतं. मिस्त्रींचा पत्ता काढायला हवा होता. उद्या जाऊ म्हणता म्हणता मला सरकारी नोकरी लागली, आणि उद्या जायचं तसंच राहिलं.

त्यानंतर मिस्त्री मला एकदाच दिसले. मी तेव्हा सरकारी जीपमधून गावोगाव फिरत असे. गोंडपिपरीला जाताना जीप ब्रेक मारला की थरथरायला लागली. गावात शिरल्यावर ड्रायव्हरनं चौकशी केली. लोक म्हणाले, धानाच्या गिरणीपाशी एक म्हातारा मिस्त्री बसते, अनवाणी. मला पुढचं ऐकायची गरज नव्हती.

ते आणखी वाळले होते, केस पांढरे झाले होते. मला त्यांनी ताबडतोब ओळखलं. "बाबू, बसा जी," म्हणाले, जणू मी कालच शेडमध्ये भेटलो होतो. मग ड्रायव्हरकडे वळले. "थरथर ब्रेक मारल्यावर, का तसंच चालता चालता बी?"

"ब्रेक मारल्यावरच."

"इस्टेरिंग हालते का सीट?"

"स्टिअरिंग."

"मंग पुढचा ड्रम गोल नाई राह्यला. खोला." त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे जीपच्या सीटखालचं हँडल काढून आपल्या मांडीखाली ठेवलं. जीपचं सेल्फ चांगलं चालत होतं. हँडलची कोणाला गरजच पडत नव्हती. मी ते पाहिलं आणि नजर वळवली.

दुपारपर्यंत त्यांनी गिरणीच्या यंत्रावर ड्रम घासून गोल केला, नवं लायनर ठोकलं. मग स्वतः स्टिअरिंगवर बसले. मी शेजारी बसलो आणि चपला काढल्या. ते पाहून त्यांच्या तोंडावर काहीतरी हललं. आम्ही मोकळ्या रस्त्याला लागलो. आगू. पदा. चिंचोका इकडून तिकडे. दोन्हीकडे धानाच्या कापलेल्या बांध्या, मागे उडणारी धूळ. मी मनात मोजत होतो. मला माहीत होतं, तीस झाले की संपलं.

"कवडू बरा आहे," मी म्हणालो. बहुतेक बारावा चिंचोका होता.

"मालूम आहे. दर शिवरात्रीले जातो त्याच्याकडं." म्हणजे हा माणूस दरवर्षी चांद्याला येत होता आणि मला ते माहीत नव्हतं. आगू. पदा.

एकविसाव्याला मी बोललो. "मिस्त्री, तेव्हा मी सांगायला पाहिजे होतं. गाडी मी दिली होती. दोन्ही वेळेला. मी घाबरलो."

त्यांचा पाय ब्रेकवर होता. "आगू," ते गाडीला म्हणाले. जीप हळू झाली. मी वाट बघत राहिलो. "पदा." त्यांनी एक चिंचोका काढून दुसऱ्या खिशात टाकला. उरलेल्या नऊ फेऱ्यांत ते एक शब्द जास्त बोलले नाहीत.

गिरणीपाशी आल्यावर ते उतरले आणि चारी ड्रमांशी जाऊन आले. "चारी भाऊ सारखे," ते स्वतःशीच म्हणाले. मग आपल्या बसायच्या जागेवरून हँडल उचललं, फडक्यानं स्वच्छ पुसलं आणि जीपकडे आले. मी माझ्या बाजूला उभा होतो, अगदी त्यांच्या वाटेत. मी हात पुढे केला. मला वाटलं, एवढं तरी ते मला देतील.

त्यांनी ते हँडल माझ्या समोरून नेलं आणि ड्रायव्हरच्या हातात ठेवलं.

"ड्रायव्हरभाऊ," ते मायेनं म्हणाले, "कोणी का म्हणन, हे आपल्याजवळच ठेवजा. पदा."

मी चढून बसलो आणि जीप निघाली. मी वळून पाहिलं तेव्हा ते खाली बघून डाव्या खिशातले चिंचोके परत उजव्या खिशात भरत होते. माझा हात अजून तसाच पुढे होता.